पंचवीस मिनिटांतला निबंध

पेन्सिल, रेघा आखलेली दोन पाने आणि पंचवीस मिनिटे. कॉलेजप्रवेशासाठी सॅट परीक्षा देणाऱ्या अमेरिकेतल्या मुलांना मार्च २००५ पासून निबंधासाठी एवढेच मिळू लागले. शाईने लिहिले तर थेट शून्य. विषय वाचायचा, मुद्दे काढायचे, लिहून काढायचे आणि वेळ उरलाच तर एकदा नजर फिरवायची. मग दोन परीक्षक प्रत्येकी एक ते सहा गुण देत.

हा निबंध आला त्यामागे एक दबाव होता. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी प्रवेशासाठी सॅटची अटच काढून टाकावी, असे जाहीरपणे सुचवले. एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे जाणे परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला परवडणारे नव्हते. परीक्षा नव्याने बेतली गेली आणि तीत लेखन आले.

निबंध सुरू झाला त्याच वर्षी, २००५ मध्ये, एमआयटीत लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी बोर्डाचे नमुना निबंध तपासले. निबंध न वाचता नुसत्या लांबीवरून गुण दिले, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा ते बरोबर येतील, असे त्यांनी सांगितले. शंभरेक शब्दांचे निबंध तळाला, चारशेचे वर. बोर्डाने हे मान्य केले नाही. पण तपशिलाच्या चुकांमुळे गुण कापू नयेत, ही परीक्षकांना दिलेली सूचना बोर्डाचीच होती.

परीक्षकांची अडचण मात्र जुनी आणि खरी होती. १९६१ च्या एका अभ्यासात कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ जाणकारांनी वाचले. गुणांच्या नऊ पायऱ्या होत्या. १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंत सगळ्या पायऱ्या मिळाल्या! एकाला जे उत्तम वाटले, तेच दुसऱ्याला टाकाऊ.

यावर तोडगा निघाला तो परीक्षकांना एका साच्यात बसवण्याचा. ठरलेले निकष, ठरलेले नमुने, झटपट वाचन. गुण जुळू लागले. पण झटपट वाचनात नजरेत भरते ते काय? भूमिका स्पष्ट आहे, परिच्छेद नीट पाडले आहेत, उदाहरणे आहेत आणि पान भरले आहे. खोडून पुन्हा लिहिणे, पुरावा पडताळणे, अर्ध्या वाटेवर मत बदलणे हा लेखनाचा खरा घाम गुणपत्रिकेत कुठेच उतरत नाही.

यंत्राने हे आणखी उघडे पाडले. ई-रेटर या निबंध तपासणाऱ्या संगणकप्रणालीला १८१२ चे युद्ध १९४५ मध्ये सुरू झाले असे सांगितले तरी चालते, असे पेरेलमन म्हणत. २०१४ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसह ‘बेबेल’ नावाचा प्रोग्रॅम केला. दोन-तीन शब्द द्या, तो भारदस्त पण निरर्थक निबंध पाडतो. अशा निबंधांना यंत्रांनी चांगले गुण दिले.

तरीही परीक्षेच्या खोलीची एक बाजू भक्कम आहे. तिथे मूल एकटे असते. घरून येणाऱ्या प्रवेश-निबंधावर पालकांचा, शिकवणीवाल्यांचा, पैसे घेणाऱ्या सल्लागारांचा हात फिरलेला असू शकतो, आणि तो सगळ्यांच्या ऐपतीतला नसतो. पंचवीस मिनिटांत मुलाला मुद्देसूद कच्चा मसुदा उतरवता येतो का, एवढे ती खोली प्रामाणिकपणे सांगते. त्यालाच लेखनक्षमता म्हणायचे की नाही, इथे वाद आहे.

सॅटचा निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला, वेळ पन्नास मिनिटे झाली, आणि २०२१ मध्ये बोर्डाने तो जवळपास गुंडाळला. प्रिन्स्टन विद्यापीठाने तर २०१८ मध्येच त्याची अट सोडून, शिक्षकांनी तपासलेला शाळेतला एखादा लेख मागवायचे ठरवले. त्यात विचार करायला सवड असते. पण हात कोणाचा, हा प्रश्न चॅटबॉट आल्यापासून जास्तच टोचतो.

वेळ लावून लिहायचा निबंध पुरता संपलेला मात्र नाही. पुण्या-मुंबईहून परदेशी पदव्युत्तर शिक्षणाला निघालेली मुले देतात त्या जीआरई या प्रवेशपरीक्षेत सप्टेंबर २०२३ पासून दोनऐवजी एकच निबंध उरला आहे. वेळ तीस मिनिटे. विषयांची यादी आधीच जाहीर असते, आणि तपासणीत माणसाच्या जोडीला अजून ई-रेटर आहे.