काडतुसाची निवड : एक मागे पडलेली विद्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचे दिल्लीचे राजकारण असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला काडतूस येऊन बसलेले पाहून कित्येकांना आश्चर्य वाटले असेल. परंतु राजधानीतील मराठी समाजात सैन्यातून निवृत्त झालेल्यांची, संरक्षण खात्यात हयात घालविलेल्यांची आणि जुन्या संस्थानांशी नाते सांगणाऱ्यांची घरे थोडीथोडकी नाहीत. अशा एखाद्या घरात आजोबांची रायफल अजूनही कपाटात जपून ठेवलेली असते. ती अमुक एका मापाचीच का, असा प्रश्न नातवाने विचारला तर त्याचे उत्तर सोपे नसते. कारण त्या उत्तरात शिकाऱ्याची नीती, कारागिराची विद्या आणि राज्यकर्त्यांची भीती अशा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

प्रथम एक गैरसमज दूर करू. रायफल आधी घ्यावयाची आणि मग तिच्यासाठी काडतूस शोधावयाचे, असे आपणांस वाटते. खास मागणीनुसार रायफल घडविणाऱ्या जुन्या कारागिरांची रीत नेमकी उलटी होती. काडतूस आधी ठरे आणि रायफल त्याच्याभोवती बेतली जाई. पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी हे काडतुसाचे चार भाग. पुंगळीच्या आकारावर नळीच्या बुडाशी असलेले काडतुसाचे घर ठरते, लांबीवर बोल्टची यंत्रणा ठरते आणि गोळीच्या लांबीवर नळीच्या आतील आट्यांचा पेच ठरतो. एकदा हे ठरले की पुढे फेरफार करणे म्हणजे नवी रायफल करण्यासारखेच होय.

मग निवड कशाच्या आधारे करावयाची? पहिला विचार जनावराचा. येथे केवळ पराक्रमाचा नव्हे, तर दयेचाही प्रश्न होता. चितळासाठी जी गोळी पुरेशी, ती गव्याला केवळ जखमी करी. आणि जखमी जनावर रानात कुजत मरे किंवा दुसऱ्याच दिवशी एखाद्या निरपराध गुराख्यावर उलटे. ३७५ हॉलंड अँड हॉलंड हे काडतूस १९१२ साली निघाले. त्याची ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते. मोठ्या जनावरासाठी आणि मध्यम अंतरासाठीही ते चालते, म्हणून एकच रायफल बाळगू इच्छिणाऱ्यांनी त्याला पसंती दिली. परंतु ते लांब असल्यामुळे त्याला नेहमीच्या माउझर यंत्रणेपेक्षा लांब यंत्रणा लागते, आणि खर्चही वाढतो.

दुसरा विचार खांद्याचा. जी रायफल झाडताना माणूस डोळे मिटतो, तिची शक्ती कागदावरच राहते. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध रायफल रिग्बी कंपनीची २७५ मापाची होती. हे काडतूस म्हणजे मूळचे जर्मन ७ × ५७ माउझर. वजनाला हलके, धक्का सौम्य आणि नेम अचूक. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या १९०७ मधील शिकारीनंतर ती त्यांना भेट मिळाली. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच मापाने हत्ती मारले. पण त्यावरून हे काडतूस हत्तीसाठी योग्य ठरत नाही; बेलला हत्तीच्या कवटीतील मेंदूची जागा बिनचूक ठाऊक होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्ञान असेल तेथे लहान माप पुरते. ज्ञान नसेल तेथे मोठे मापही अपुरे पडते. त्याच चंपावतच्या प्रसंगी कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती. ती संपली, जखमी वाघीण समोर उभी होती, आणि अखेरीस तहसीलदारांची बंदूक मागून घ्यावी लागली. काडतुसाचे माप जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची संख्याही!

तिसरा विचार हवामानाचा, आणि तो खास हिंदुस्थानचा. इंग्रजी काडतुसांत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू असे. उन्हाने ती तापली की तिचा दाब वाढतो आणि पुंगळी घरात घट्ट रुतून बसते. समोर वाघ आणि पुंगळी निघत नाही, यासारखी नामुष्की नाही. म्हणून उष्ण देशांसाठी मोठी, कमी दाबाची आणि निमुळती पुंगळी पसंत केली जाई, आणि दुनळी रायफलीसाठी बुडाला कड असलेली, म्हणजे ती कड धरून सहज बाहेर काढता येईल.

चौथा विचार मात्र जनावराचा नाही, खांद्याचा नाही आणि हवामानाचाही नाही. तो सरकारचा. इंग्रज राज्यकर्त्यांना भय होते ते वाघाचे नव्हे, प्रजेचे. सैन्यात जे काडतूस चालते, ते खाजगी रायफलीत चालता कामा नये, म्हणजे चोरलेला दारूगोळा बंडखोरांच्या कामी येणार नाही, असे त्यांचे धोरण. १९०७ च्या सुमारास ४५० मापावर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा लंडनच्या कारागिरांनी ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे काढली. ४७० मापाचे काडतूस आज जगभर नावाजले जाते; त्याच्या जन्मामागे शिकाऱ्याची गरज थोडी आणि सरकारी हुकूम अधिक, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हीच कथा ३०३ ची. सैन्याचे काडतूस म्हणून ते खाजगी हातांना वर्ज्य ठरले. मग ली-एनफील्डच्या सिद्ध यंत्रणेवर कोणते काडतूस बसवावे? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे ८ मिलिमीटरचे, कड असलेले मॅनलिखर काडतूस ह्या यंत्रणेला मानवण्याजोगे होते. तेच आपल्याकडे ३१५ ह्या नावाने रूढ झाले. २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेसोळा ग्रॅमची जड गोळी आणि माफक वेग. झाडीत जवळच्या अंतरावर सांबर किंवा रानडुकरासाठी ते पुरेसे होते. स्वातंत्र्यानंतर ह्या मापाची रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात होऊ लागली आणि काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. खडकीचा कारखाना १८६९ चा. तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली मराठी कुटुंबे आहेत, आणि पुंगळीच्या बुडावरील ‘के एफ’ ही अक्षरे त्यांच्या हातांची साक्ष देतात. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन ही कामे सरकारी कंपन्यांकडे गेली.

आता दैवाचा खेळ पाहा. ज्या मापाची निवड शस्त्रे गैरमार्गाला लागू नयेत म्हणून झाली, तेच ३१५ माप आज दिल्ली, गाझियाबाद, नोएडा येथील पोलिसांच्या बातम्यांत गावठी कट्ट्यांच्या संदर्भात वारंवार वाचावयास मिळते. कारण उघड आहे. जे काडतूस बाजारात सापडते, त्याच्याभोवती शस्त्र घडते. कारागिराचा जो नियम मी आरंभी सांगितला, तोच गुन्हेगारही पाळतो! काडतुसाची निवड ही एका माणसाची हौस नसून तिचे परिणाम समाजाला भोगावे लागतात, याचे याहून कटू उदाहरण दुसरे नाही.

शिकारीचे युग तर संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती अगदी अपवादात्मक प्रसंग वगळता बंदच झाली. ते योग्यच झाले. माणसाच्या हातातील शक्ती आणि रानातील जनावरांची संख्या यांचा मेळच उरला नव्हता. मग कपाटातील त्या रायफलीचे काय करावयाचे? परवानाधारक वारला म्हणजे वारसांना ते शस्त्र आपोआप बाळगता येत नाही. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमानुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाने आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही त्यांतच मोजली जातात. ‘आजोबांची आठवण आहे, राहू द्या’ म्हणून ह्याकडे डोळेझाक करणाऱ्या कुटुंबावर मोठे संकट ओढवू शकते. आठवण जपावी, पण कागदपत्रांसह जपावी. आणि जुन्या रायफलीत ‘जवळजवळ बसते’ म्हणून भलतेच काडतूस घालून पाहण्याचा मोह तर कदापि होऊ देऊ नये. जवळजवळ बसणारे काडतूस नळी फोडते आणि तोंडापाशी धरलेली रायफल कोणाचीच भीड ठेवत नाही.

मात्र ही विद्या अगदीच लोप पावलेली नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी तुघलकाबादजवळ उभारलेल्या, आज डॉ. कर्णीसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेमबाजी केंद्रात ती जिवंत आहे. पन्नास मीटरच्या स्पर्धेत २२ मापाचे इवलेसे काडतूस वापरतात. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, आणि वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली राखलेला. माप सर्वांना एकच. पण कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक खेपेची काडतुसे आपल्या नळीशी कशी जुळतात, हे खेळाडू पुनःपुन्हा झाडून पाहतात आणि जी खेप जुळेल तीच घेतात. २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत काय किंवा २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसळे काय, दोघेही कोल्हापूरच्या मातीतले आणि दोघेही ह्याच इवल्या काडतुसाचे उपासक. ज्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात संस्थानी शिकारींची जनावरे पेंढा भरून मांडलेली आहेत, त्याच कोल्हापूरने कागदाच्या लक्ष्यावर देशाचे नाव कोरले.

आपल्या घरातील मुलामुलींना नेमाची ओढ असेल तर त्यांना तेथे अवश्य न्या. आजोबांची रायफल त्यांच्या हाती देण्याची गरज नाही. काय साधावयाचे ते आधी ठरवावे, त्याला पुरेल एवढीच शक्ती घ्यावी आणि घोडा ओढण्यापूर्वी परिणामांचा विचार करावा, ही आजोबांची शिस्त मात्र त्यांच्या हाती अवश्य द्यावी.