आजाऱ्याच्या भेटीला काय न्यावे?

(सूर्यमाळ येथे सेवेसाठी आलेल्या मंडळीपुढे केलेले भाषण)



आजाऱ्याची भेट घेणे हा आपल्या मंडळीचा जुना नेम आहे. जाताना पिशवीत केळी, मोसंबी, नाहीतर शहाळे असतेच. पण त्या माणसाच्या किडन्या निकामी होत चालल्या असतील, तर हीच भेट त्याच्या जिवावर बेतू शकते.

कारण साधे आहे. फळांत पोटॅशियम असते. निरोगी किडनी जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही. मग ते रक्तात साठते, आणि फार वाढले तर काही पूर्वसूचना न देता हृदय बंद पडू शकते. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. कपभर शहाळ्याच्या पाण्यात ४०० ते ६००. मध्यम सफरचंदात मात्र २०० च्या आसपासच.

म्हणून काय, फळे बंदच करायची? मुळीच नाही. इथे पाड्यांवर पुष्कळ जण भीतीने सगळेच सोडून देतात आणि आणखी अशक्त होतात. आधी रक्ताचा रिपोर्ट पाहावा. पोटॅशियम ठीक असेल तर डॉक्टर बंधन घालतीलच असे नाही. वाढले असेल तर सफरचंद, अननसाची फोड किंवा मूठभर जांभळे चालतात का, हे त्यांनाच विचारावे. आपल्या रानातल्या जांभळात केळ्यापेक्षा पोटॅशियम पुष्कळ कमी असते. जव्हार-मोखाड्यात आता पिकणारी स्ट्रॉबेरीही चार-पाच नग खाता येते. पण मधुमेहासाठी जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

रसाचे मात्र वेगळे आहे. एका पेल्यात तीन-चार मोसंबी जातात, चोथा निघून जातो आणि पाणीही वाढते. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावे लागते. रसाचा पेला त्याच हिशेबात धरायचा. मधुमेही रुग्णाची साखर अचानक उतरली तर संत्र्याच्या रसाऐवजी साखरपाणी द्यावे.

एक फळ मात्र पूर्ण वर्ज्य: कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. त्यातले विष किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर चढते. न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, मृत्यूही ओढवतो.

तेव्हा पुढच्या भेटीला निघण्याआधी घरच्यांना विचारा, “डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय?” आणि फळांचे पैसे वाचले तर तेच रक्ततपासणीला किंवा नाशिकच्या गाडीभाड्याला द्या. डोंगरातल्या माणसाला डायलिसिसची एक पाळी चुकणे फार महागात पडते, आणि बहुतेकदा ती भाड्यावाचूनच चुकते.