बाकावरची शेजारीण

राजोडीच्या मंडळींनो, तुमच्याकडे लग्न निघालं की आळीतली माणसं न सांगता हाताखाली येतात. मयताच्या घरची चूल शेजारी सांभाळतात. पण घरात कॅन्सर शिरल्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांसाठी आपल्याकडे रीतच नाही. माणसं पिशवीत फळं घेऊन येतात, ‘होईल सगळं ठीक’ म्हणतात आणि जातात.

माझ्या थोरल्या भावाला जिभेचा कॅन्सर निघाला. पहाटे नालासोपाऱ्याहून गाडी धरायची, दादरला उतरायचं, तिथून परळ. टाटा रुग्णालय 1941 सालापासून तिथं उभं आहे आणि देशभरातली माणसं त्याच्या दारात येतात. डॉक्टरांनी उपचार नीट समजावले होते. पण नाकातल्या नळीतून पेज देताना नळी तुंबू नये म्हणून काय करायचं, ते माझ्या गळी उतरवलं बाकावर बसलेल्या सोलापूरच्या एका बाईंनी. ‘दादा, पेज फडक्यातनं गाळा, अन् दर वेळी शेवटी पाणी सोडा.’ मग हळूच म्हणाल्या, ‘तुम्ही जेवलात का?’ तीन आठवड्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. जिन्यात जाऊन मी पोटभर रडलो.

त्या बाई दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्या होत्या. तिथं कॅन्सरच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. पाठ टेकायला जागा मिळते, आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखंच कुणीतरी असतं. मुंबईत 1994 साली वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली, त्या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या. ‘मीही इथं बसलो होतो’ म्हणणारा माणूस समोर दिसला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. डॉक्टरांचं काम वेगळं, हे काम वेगळं.

म्हणूनच एक पथ्य. ‘आमच्यांना अमुक औषधानं गुण आला’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. प्रत्येकाचा आजार वेगळा. सांगायचं ते एवढंच, की हा रोग ताटवाटीतून पसरत नाही, भांडी वेगळी करू नका. केमो चालू असताना ताप 100.4 वर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आणि सोबत जाणाऱ्याचाही डबा बांधा.

माझा भाऊ राहिला नाही. त्यानंतर ओळखीच्या एका घरी मी गेलो, तर घरचे दारातच कानात म्हणाले, ‘तुम्ही नका येऊ, आजारी माणूस घाबरेल.’ मला लागलं ते. पण त्यांचंही खोटं नव्हतं. ज्यांचं माणूस गेलं त्यांना सगळं ठाऊक असतं, आणि त्यांनाच कुणी बोलवत नाही. मग चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर अर्धा तास, रुग्णाच्या खोलीपासून दूर, अशा सगळ्या घरच्यांनीच एकत्र बसायला काय हरकत आहे?

त्याच घरची सून आठवड्यानं आमच्या वाडीच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘काका, पेज किती पातळ करायची?’ मी आत जाऊन फडकं घेऊन आलो.