खो घालू नका, खो द्या

(विहाराच्या वर्धापन दिनी पालकांसमोर केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी मला पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत, पाचवी ते आठवीच्या मुलांच्या खेळाबद्दल.

बाबासाहेबांनी सांगितले, शिका. आपण ते घट्ट धरले, म्हणून इथवर आलो. पण पोरगं सहावीत गेलं की आपण म्हणतो, "खेळ पुरे आता, खेळून काय पोट भरतं?" ही भीती खोटी नाही. शिक्षणाशिवाय आपल्याकडे दुसरी इस्टेट होती कुठे?

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझी मुलगी सातवीत खो-खो खेळायची. अभ्यासाच्या नावाखाली मी तिचा खेळ बंद केला. खरं सांगायचं तर, मुलगी मोठी होतेय, लोक काय म्हणतील, हेही मनात होतं. वर्षअखेर मार्क होते तेवढेच राहिले. पुस्तक पुढ्यात आणि नजर खिडकीबाहेर! पुढच्या वर्षी मीच म्हणालो, "जा बाई खेळायला." ती म्हणाली, "आता नको बाबा, संघातली माझी जागा गेली." ते शब्द मला अजून टोचतात.

बंधू-भगिनींनो, पाळवणकर बाळू हे नाव मुलांना जरूर सांगा. अस्पृश्य मानलेल्या समाजातला हा गोलंदाज. पुण्यात मैदानावर सगळ्यांबरोबर खेळायचा, पण चहा मिळायचा तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल त्याच संघाचे कप्तान झाले. खेळाने जात मोडली असे मी म्हणणार नाही. पण मैदानावर दिसलेले कर्तृत्व कुणाला झाकता आले नाही.

मग अभ्यासाचे काय? सोण नावाच्या भिक्खूची कथा आपण ऐकली आहे. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. आपल्या मुलांची तार आपण फार ताणतो आहोत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या शरीराला रोज सरासरी ६० मिनिटे तरी चांगली हालचाल हवी. एक तास! टीव्ही आणि मोबाईलमधून तेवढा सहज निघतो.

करायचे काय, तेही सांगतो. खेळ मुलाला निवडू द्या. एक नाही जमला तर दुसरा. कबड्डी, खो-खोला महागडे सामान लागत नाही. घरी आल्यावर "जिंकलास का?" असे आधी विचारू नका, "मजा आली का?" असे विचारा. संघात निवड झाली नाही तरी खेळणे थांबवू नका. सामना असेल तेव्हा बापाने एकदा तरी मैदानाच्या कडेला उभे राहावे. आणि मुलगी सातवी-आठवीत गेली म्हणून तिला घरात बसवू नका. भावाला जो तास, तोच बहिणीला. पाण्याचा हंडा आणि भांडी दोघांत वाटून द्या, म्हणजे तिचा तास आपोआप निघेल.

समितीला एक विनंती. रविवारी सकाळी वंदना झाली की विहाराचे पटांगण दोन तास मुलांना द्यावे. थोडा गलका होईल, तो सहन करू.

शेवटी एवढेच. खो-खोत बसलेला गडी पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठू शकत नाही. आपली पोरं तशीच बसून आहेत, आपल्याकडे पाठ करून, वाट बघत. मी माझ्या मुलीच्या खेळात खो घातला. तुम्ही तसे करू नका. पाठीवर हात ठेवा आणि खो द्या!

जय भीम! नमो बुद्धाय!