बेंगळुरूची आश्विनातली लागवड

महाराष्ट्रात आपण ऑक्टोबरच्या उन्हाने हैराण असतो, तेव्हा बेंगळुरूत अजून पाऊस असतो. तिथले सर्वाधिक पावसाचे महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर. माती ओली, ऊन सौम्य. रोपं जमिनीत लावायला आणखी काय हवं?

बेंगळुरूच्याच येलहंका भागात एफआरएलएचटी ही संस्था 1993पासून औषधी वनस्पतींच्या जतनाचं काम करते. जंगलातलं संरक्षण आणि रोपवाटिका, दोन्ही तिच्या कामात येतात. जतन का लागतं, त्यासाठी सीताअशोकाचंच पाहा. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी त्याची साल लागते. खोडाभोवतीची साल पुरती सोलली, की झाड मरतं. आज ते संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. त्याचं बी वाळलं की उगवणशक्ती झपाट्याने जाते, म्हणून ते ताजंच पेरावं लागतं. आणि गंमत म्हणजे, आपण सोसायटीच्या कुंपणालगत ‘अशोक’ म्हणून लावतो, तो उंच हिरवा खांब निराळाच!

रोप लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढा, मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका. बुंध्याशी वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. डिसेंबरात पाऊस ओसरतो, मग उन्हाळा संपेपर्यंत पाणी तुम्हालाच घालायचंय.