गंजीची आग
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



गेल्या महिन्यात याच वेळी एका डॉक्टरसाहेबांनी क्लस्टर डोकेदुखीची लक्षणे आपणांस इतक्या व्यवस्थितपणे सांगितली की त्यांची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन मला उरलेले नाही. एका डोळ्यामागे उठणारी ती असह्य कळ, त्याच डोळ्याला लागणारी पाण्याची धार, चोंदलेली नाकपुडी, ओघळलेली पापणी, आणि कधी पाव तासाने तर कधी तीन तासांनी, जशी आली तशी निघून जाणारी ती पीडा, हे सर्व आपण ऐकलेले आहे असे मी धरून चालतो. मी डॉक्टर नाही. तहसील कचेरीत एकतीस वर्षे दप्तर सांभाळून निवृत्त झालेला मुरुडचा एक कारकून आहे आणि या विकाराचा बावीस वर्षांचा जुना खातेदार आहे. मुरुड म्हणजे जंजिऱ्याचे नव्हे आणि महर्षी कर्व्यांचे दापोलीकडचेही नव्हे. लातूर-बार्शी रस्त्यावरचे आमचे मुरुड, ज्याच्या नावाची टपाले अधूनमधून समुद्रकिनारी हवापालट करून येतात.

मला मुदत थोडी आहे आणि सांगावयाची गोष्ट एकच आहे. ती आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी श्रोत्यांची हानी होणार नाही. गोष्ट अशी की, हा झटका उठताच शुद्ध प्राणवायू घ्यावा; मिनिटाला बारा लिटर, पिशवीच्या मास्कमधून, पंधरा मिनिटे, बसून. दोन लिटर नव्हे, बारा.

एवढे एक वाक्य मजपर्यंत पोहोचावयास जवळजवळ अठरा वर्षे लागली. पहिल्या काही वर्षांत माझ्या वरच्या जबड्यातील दोन निरोगी दाढा गेल्या, सायनसच्या नावाने नाक धुऊन झाले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला; ज्यांनी हे केले त्यांना मी दोष देत नाही, कारण ‘दाढेतून कळ निघते’ अशी जबानी मीच दिली होती आणि पंचनामा जबानीवरून होतो. गल्लीतील वडीलधाऱ्या मंडळींनी, मध्यरात्री अंगणात येरझारा घालणारा, भिंतीवर कपाळ आपटणारा हा मनुष्य पाहून, ‘बाहेरचं दिसतंय, दाखवून घ्या’ असा सल्ला माझ्या पत्नीस दिला, आणि तीही दोन ठिकाणी अंगारा आणून मोकळी झाली. अर्धशिशीच्या गोळ्या तर मी किती खाल्ल्या याचा हिशेब नाही. वास्तविक भेद उघड्यावर होता: अर्धशिशीचा रोगी अंधार धरून निपचित पडतो, त्यास हालचाल सोसत नाही, आमच्या रोग्यास स्वस्थ बसणे हीच शिक्षा वाटते. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार मोजलेले आहेत, त्यांत अर्धावभेदक आहे, सूर्यावर्त आहे, अनन्तवात आहे. ज्या देशात मस्तकशूलाची इतकी बारीक वर्गवारी झाली, तेथे आज प्रत्येक डोकेदुखीस ‘अर्धशिशी नाहीतर सायनस’ या दोनच रकान्यांत कोंबावे, याचे मला नवल वाटते.

अमेरिकेत मेयो क्लिनिकमधील डॉ. बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ साली या विकाराचे विस्तृत वर्णन केले, म्हणून काही काळ तो हॉर्टनच्या नावाने ओळखला जाई. पुढे १९५२ मध्ये कंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे झटके द्राक्षांच्या घडाप्रमाणे एकत्र लगडून येतात आणि मग महिनोन्महिने वेल रिकामा राहतो, हे पाहून क्लस्टर हा शब्द योजिला. माझा घड दिवाळी सरता लागतो आणि संक्रांतीच्या सुमारास गळतो. रात्री दीड वाजता, निजेला जेमतेम दोन तास झालेले असताना, जणू वॉरंट बजावावयास यावे तसा झटका येतो. हे वक्तशीरपण मनाचा खेळ नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग देहाचे घड्याळ चालवितो, तोच झटक्याच्या वेळी उद्दीपित झालेला असतो, असे १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखविले. दर हजारी एकास हा विकार होतो असा जगभरचा ढोबळ अदमास आहे. २०११ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती. म्हणजे या हिशेबाने आपल्या एका जिल्ह्यातच दोन-अडीच हजार माणसे निघावीत. ती कोठे आहेत? माझ्या समजुतीप्रमाणे ती दाढा काढून घेत आहेत. स्त्रियांस हा विकार होत नाही असाही एक समज आहे, तो खोटा आहे. त्यासंबंधी पुढे बोलेन.

आता प्राणवायूकडे येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कडब्याच्या गंजीला लागलेली आग ठाऊक आहे. कोपऱ्यातल्या एका पेंढीतून धूर निघू लागला, त्या क्षणी जवळ भरलेली घागर असेल आणि ती एकदम उपडी केली, तर पेंढी विझते आणि गंज वाचते. तीच आग शेंड्यापर्यंत चढली की मग लातुराहून बंब येतो तो राख पाहावयास. पोटात घेतलेली वेदनाशामक गोळी हा लातुराहून निघालेला बंब आहे. ती विरघळून, रक्तात मिसळून, मस्तकापर्यंत पोहोचते तोवर झटका आपला आपणच संपत आलेला असतो आणि श्रेय मात्र गोळीस मिळते. प्राणवायू ही दाराशी ठेवलेली घागर आहे. परंतु गंजीवर घागर उपडी करावी लागते, हे विसरून जर कोणी तुळशीवृंदावनाला घालतात तशी झारीने धार धरली, तर आग विझत नाही आणि वर ‘पाण्याने आग विझत नाही’ असा सिद्धान्त मात्र प्रस्थापित होतो.

माझे नेमके तेच झाले. एका दवाखान्यात एका रात्री मला नाकात नळी घालून मिनिटाला दोन लिटर प्राणवायू दिला. अर्धा तास मी तो हुंगीत राहिलो, यत्किंचित फरक पडला नाही, आणि ‘प्राणवायू लागू नाही’ असा शेरा मी माझ्या दप्तरात कायमचा मारून ठेवला. पुढे करोनाच्या साथीने, २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात, प्राणवायू हा शब्द खेडोपाडी पोरासोरांच्या तोंडी बसला, सिलिंडर, मास्क आणि फ्लोमीटर या वस्तू घराघराने पाहिल्या, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एका तरुण डॉक्टरांनी माझी हकिगत ऐकून घेऊन, काहीएक न बोलता, वेगळा मास्क काढला. त्याच्या हनुवटीखाली पारदर्शक पिशवी लोंबत होती. त्यांनी फ्लोमीटरची कळ फिरविली, काचेच्या नळीतील ती लहानशी गोळी दोनवरून पाचवर, पाचवरून दहावर आणि बारापर्यंत चढून तेथे थरथरत राहिली, पिशवी टम्म फुगली, आणि मास्क तोंडावर दाबून धरून ते म्हणाले, “काका, पुढे वाका, सावकाश श्वास घ्या, पिशवी पूर्ण चिपकू द्यायची नाही.” समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. अकराव्या मिनिटाला मला मोरीतल्या नळाचे ठिबकणे ऐकू आले. झटक्यात असताना मी कधी काही ऐकले नव्हते, श्रोतेहो. त्या वेळी जगात त्या एका डोळ्यावाचून दुसरे काही उरलेले नसते.

माझ्या एकट्याच्या साक्षीवर विसंबण्याचे कारण नाही. २००९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लंडनच्या कोहेन, बर्न्स आणि गॉड्सबी यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात झटक्याच्या आरंभी बाराच लिटरने, पंधराच मिनिटे, त्याच रोग्यांना काही झटक्यांत शुद्ध प्राणवायू आणि काहींत साधी हवा दिली, आणि कोणास काय मिळाले हे देणाऱ्यासही कळू दिले नाही. पंधरा मिनिटांअखेर प्राणवायूने शंभरातील ७८ झटक्यांत समाधानकारक उतार पडला, साध्या हवेने २० झटक्यांत. पुन्हा सांगतो, कारण आपण चहा गाळावयास उठला असाल: बारा लिटर, पिशवीचा मास्क, आणि अगदी आरंभीच.

घरी सिलिंडर ठेवण्याचा हिशेबही मांडतो. जमाखर्च मांडल्याशिवाय मला करमत नाही. बारा लिटरने पंधरा मिनिटे म्हणजे एका झटक्यास १८० लिटर. दवाखान्यात जो मोठा, जम्बो म्हणतात तो सिलिंडर असतो, त्यात सुमारे सात हजार लिटर मावतात, म्हणजे अडतीस झटके. लहान, बी-टाइप म्हणतात त्यात सुमारे दीड हजार, म्हणजे आठ. करोनाच्या दिवसांत घेतलेले विजेवरचे कॉन्सन्ट्रेटर यंत्र पुष्कळांच्या घरी धूळ खात पडले आहे आणि ‘ते चालेल का’ असे मला नेहमी विचारण्यात येते. त्यातील बहुतेक यंत्रे मिनिटाला पाच लिटरच देतात, काही दहा देतात. म्हणजे ती मोठी झारी झाली, घागर नव्हे. वेल्डिंगच्या दुकानातील सिलिंडर मात्र कोणी आणू नये. वैद्यकीय प्राणवायू डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावा, आणि ज्यांची फुप्फुसे बिडीने अगोदरच खलास झाली आहेत त्यांनी तर विचारल्यावाचून मास्क लावूच नये. प्राणवायूच्या खोलीत बिडी, उदबत्ती, समई काही नको. तेलकट हात तोटीला लावू नये. माझे एक स्नेही मास्क उतरविताच शांत वाटले म्हणून तेथेच बिडी शिलगावीत असत; त्यांना मी जे बोललो ते आकाशवाणीवरून सांगता येणार नाही.

गंजीची उपमा अजून थोडी ओढतो. शहाणा शेतकरी दोन गंजींमध्ये गल्ली सोडतो, म्हणजे एक पेटली तरी दुसरी वाचते. घड सुरू होताच डॉक्टर जे व्हेरापॅमिल देतात ती ही गल्ली होय. ते औषध हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते, म्हणून मात्रा वाढविताना ईसीजी काढावाच लागतो. मुकाट्याने काढावा, ‘मला छातीचं काही नाही’ असा वाद घालू नये. ती गल्ली पडेपर्यंत थोडे दिवस स्टेरॉइड देतात. ज्यांना प्राणवायूने भागत नाही त्यांच्यासाठी सुमाट्रिप्टानचे कातडीखाली टोचावयाचे इंजेक्शन आहे, तेही पाव तासात काम करते, पण हृदयरोग्यास वर्ज्य आहे. आणि दारू. घडाच्या दिवसांत एक घोट म्हणजे गंजीवर टाकलेली जळती काडी. एरवी तीच दारू काही करीत नाही, म्हणून हुरड्याच्या बैठकीत लोकांचा विश्वास बसत नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूरचे शासकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचे, ही तिन्ही आपल्या टप्प्यात आहेत. तेथील मेडिसिन विभागात जाऊन ‘डोके दुखते’ एवढेच न सांगता वेळ, बाजू, डोळ्याचे पाणी आणि येरझारा ही चार कलमे सांगावीत. महिनाभराचा रोजनामा लिहून न्यावा. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे मिळतात आणि त्यांत कागद माणसापेक्षा चांगले बोलतो.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. झटक्यात असलेल्या माणसाभोवती जमू नये, ‘कसं वाटतंय’ असे विचारू नये, कपाळ दाबावयास धावू नये. माझी पत्नी पूर्वी पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे फिरत असे, ‘अहो, एक घोट तरी घ्या की’. आता ती कळ फिरवते, मास्कचा पट्टा ताणते आणि उंबऱ्यावर बसून राहते, आणि तिचे ते न बोलता बसणे मला फार मोलाचे वाटते. या वेदनेत चांगल्या चांगल्या माणसांच्या मनात जीव संपविण्याचा विचार येऊन जातो; माझ्याही आला होता, हे मी लाज न बाळगता सांगतो. तसे झाले तर घरच्यांना त्याच वेळी सांगावे, एकटे राहू नये, आणि शासनाचा टेलिमानस म्हणून विनामूल्य दूरध्वनी आहे, क्रमांक १४४१६, अहोरात्र चालू असतो, तो लावावा. आपल्यासारखेच दुखणे असलेला एखादा मनुष्य भेटणे हेही एक औषधच. मुरुडात आम्ही आता तिघे आहोत, त्यांत एक बाई आहेत, ज्यांना अकरा वर्षे…

काचेपलीकडून दोन बोटे दाखविण्यात येत आहेत. स्त्रियांविषयी बोलेन म्हणालो होतो, ते राहिले. मग निदान चावीचे सांगतो. सिलिंडरची तोटी उघडावयास एक लहान लोखंडी चावी असते. आमच्या घरी पहिल्याच रात्री ती नातवाने खेळावयास नेली होती आणि मुलगा सारे घर धुंडाळीत असताना मी अंगणात जळत होतो. सकाळी ती पिठाच्या डब्यामागे सापडली. आता ती सुतळीने सिलिंडरच्या गळ्यातच बांधलेली असते. सुतळी वीतभरच असावी, लांब असली की अंधारात ती फ्लोमीटरभोवती गुंडाळते आणि बारा लिटर… बरे, वेळ झाली. नमस्कार.