चोवीस तास बातम्या आणि आपण
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषण)



चोवीस तास चालणाऱ्या बातम्यांनी जनतेचे भले होते काय, असा विषय आपण मला दिला आहे. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा वक्ता तुम्हांला कुठल्याही वाहिनीवर रात्री नऊ वाजता सापडेल. मी जरा सावकाश जाणार आहे.

अमेरिकेत टेड टर्नर यांनी १ जून १९८० रोजी अटलांटा शहरातून सीएनएन ही केवळ बातम्या देणारी वाहिनी सुरू केली. १९९१ च्या आखाती युद्धाने ती जगभर माहीत झाली. हिंदीत ‘आज तक’ २००० सालच्या डिसेंबरात चोवीस तास दिसू लागली, मराठीत ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ २००७ मध्ये आल्या. त्याआधी दूरदर्शनच्या संध्याकाळच्या बातम्या संपल्या की घरातली मंडळी जेवायला बसत. आता जेवण चालू असते आणि बातम्याही चालू असतात.

या बातम्यांचा उपयोग नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. पाणी किती चढले, कोणता रस्ता बंद झाला, हे तिथल्या माणसाला दर तासाला कळायला हवे होते. सकाळचे वर्तमानपत्र त्या कामाला अपुरे पडते. जी गोष्ट तासातासाला बदलते, तिच्यासाठी तासातासाला बातमी हवीच. पण आपल्या देशातल्या किती गोष्टी अशा तासातासाला बदलतात? दुष्काळ बदलत नाही. शाळेतली गळती बदलत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा पाण्याचा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहे. मग उरलेले तास कशाने भरायचे? याच ठिकाणी खरी अडचण सुरू होते.

मी २००६ सालातल्या दोन घटना तुमच्यापुढे ठेवतो. त्या वर्षी जुलै महिन्यात हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरवेलमध्ये पडला. सुमारे दोन दिवस सगळ्या वाहिन्यांनी दुसरे काही दाखवले नाही. आत कॅमेरा सोडलेला होता, मुलगा दिसत होता, देशभर देवळांत आणि मशिदींत प्रार्थना चालल्या होत्या. लष्कराच्या जवानांनी शेजारच्या विहिरीतून आडवा बोगदा खणून त्याला सुखरूप वर काढले. आनंदच झाला, कोणालाही व्हावा. त्या मुलाबद्दल कुणाच्या मनात किंतु नसावा.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची गावातल्या जमावाने हत्या केली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला दसरा होता. धर्मांतराच्या सुवर्णमहोत्सवाचे ते वर्ष, त्यामुळे शेजारच्याच नागपुरात दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय होता. त्या समुदायातील बहुसंख्य लोकांना खैरलांजी हे नावही ठाऊक नव्हते. स्थानिक पत्रांत लहानशा बातम्या आल्या. राष्ट्रीय वाहिन्यांच्या गाड्या तिकडे वळायला महिना उलटावा लागला, आणि त्याही वळल्या त्या नोव्हेंबरात विदर्भातील शहरांत आपली माणसे रस्त्यावर उतरल्यानंतर. तोवर बातमीचा विषय ‘दलितांचा उद्रेक’ असा झाला होता. मूळ गुन्हा मागे, दगड आणि जाळपोळ पुढे.

कोणी म्हणेल, तेव्हा मराठीत चोवीस तासांची वाहिनी नव्हती. खरे आहे. पण कुरुक्षेत्राच्या त्या खेड्यात तरी कुठे वाहिनी होती? मुद्दा अंतराचा नव्हता. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने काही आरोपींना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा बदलून पंचवीस वर्षांचा कारावास केला, आणि खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला गेला नाही. हे असे का झाले, हे समजावून सांगायला कायदा जाणणारा माणूस आणि शांतपणे दिलेला अर्धा तास लागतो. पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत ते मावत नाही.

यामागचा हिशेबही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. वाहिनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे. जाहिराती मिळतात टीआरपीवर, आणि तो मोजतात देशातील कोट्यवधी घरांपैकी काही हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून. भंडाऱ्याला वार्ताहर, कॅमेरामन आणि गाडी पाठवून चार दिवस ठेवणे खर्चाचे काम. मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओत सहा माणसे बसवून त्यांना भांडायला लावणे स्वस्त. म्हणून भांडणे वाढली. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपीतील कथित गैरप्रकारांचे प्रकरण पुढे आणले, त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले गेले ते २०२२ च्या मार्चपर्यंत. त्या काळातही भांडणे काही थांबली नाहीत, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. सवय लागली होती, त्यांनाही आणि आपल्यालाही.

घाईची किंमत मुंबईने २००८ च्या नोव्हेंबरात पाहिली. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो थेट पडद्यावर दिसत होते, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तेच पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे मारले. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. वाहिन्यांनी आपण होऊन ही मर्यादा आधी पाळली असती तर सरकारी नियमाची गरज पडली नसती, आणि सरकारी नियम वाढत जाणे आपल्या हिताचे नसते.

आता मोबाइलवरच्या बातम्यांकडे येतो. तरुण मंडळी टीव्ही पाहतच नाहीत म्हणा. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या बांधवांना गाडीला बांधून मारले. ते चित्रण मारणाऱ्यांनीच अभिमानाने पसरवले, आणि त्याच चित्रणाने देश हलला. वाहिन्यांना मागाहून यावे लागले. खैरलांजीला महिना लागला, उनाला काही दिवस. हा फरक मोबाइलने पाडला, हे मान्य केले पाहिजे.

पण तोच मोबाइल १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात काय करून गेला? मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा हातोहात पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भटक्या माणसावर आधी संशय घ्यायचा ही जुनी खोड, तिला नवे वाहन मिळाले. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच म्हणजेही कमी नव्हेत.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, ते पाक्षिक होते. पंधरा दिवसांतून एकदा निघणाऱ्या त्या पत्राने जे प्रश्न मांडले, ते त्या काळची दररोज निघणारी मोठी पत्रे मांडत नव्हती. जनतेची सेवा बातमीच्या वेगावर ठरत असती तर ‘मूकनायक’ची आठवण कोणी ठेवली नसती. माझे मत विचाराल तर, आजच्या चोवीस तासांपैकी दोन-तीन तास जनतेच्या कामाचे आहेत, बाकीचे जाहिरातदाराच्या. ते दोन-तीन तास कोणते, हे ओळखणे मात्र आपल्यालाच शिकावे लागेल.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. कोणत्याही एका वाहिनीचा संध्याकाळचा एक तास वही घेऊन पाहा. किती मिनिटे जाहिराती, किती मिनिटे वादावादी, किती बातम्या नव्या, किती दुपारच्याच, कोणत्या जिल्ह्यांची नावे आली आणि कोणाची आलीच नाहीत, हे लिहून काढा. मोबाइलवर आलेल्या प्रत्येक बातमीपुढे ती प्रथम कोणी दिली, तेवढे लिहा. सात दिवसांच्या वह्या घेऊन पुढच्या रविवारी संस्थेच्या वाचनालयात जमू. अध्यक्ष महोदयांची परवानगी असेल तर मीही माझी वही घेऊन येईन.